अण्णांचा डेस्कटॉप

तांबट आळीच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी आठ वाजले की खाली तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडायला सुरुवात व्हायची. एकच हातोडी असली तर तिचा त्रास होतो. दहा-बारा असल्या की त्या आवाजाची भिंत होते आणि तिला टेकून निवांत बसता येतं. मी त्या आवाजात अभ्यास केला, आईने त्या आवाजात भाकऱ्या थापल्या, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सुटीच्या दिवशी त्या आवाजात गाढ झोपत. दुपारी तांबट जेवायला उठले की अण्णांना जाग यायची. आई म्हणायची, "जगात माणसं गोंगाटाने उठतात, आमच्याकडे गप्प झालं की उठतात."

आई कळवणची. लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा तिने शहरातली भाषा पटकन उचलली, पण चिडली किंवा हळवी झाली की वाक्याच्या शेवटी 'आहे'च्या जागी माहेरचं 'शे' यायचंच. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि लसणाचा ठेचा हे तिचं रोजचं जेवण. आम्हा दोघांसाठी ती वेगळी भाजी करायची आणि स्वतः मात्र ठेच्यावरच खूश असायची. मे महिन्यात घरभर गव्हाच्या चिकाचा आंबूस वास असे. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, त्याचा चीक पातेल्यात घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवरच्या प्लास्टिकवर कुरडया घालायच्या. पातेल्याच्या तळाला राहिलेला चीक वाटीत घेऊन, वर कच्चं तेल आणि तिखट घालून खाण्यासाठी मी पहाटे उठत असे. आता मी बाजारातून कुरडया आणते. त्या बऱ्या असतात, पण विकतच्या कुरडईबरोबर पातेल्याचा तळ मिळत नाही.

अण्णा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून, अक्षराला अक्षर लावून ओळ तयार करायची, हे त्यांचं काम. खिळ्यांची लाकडी केस असते, तिला लहान-मोठे कप्पे असतात. सतत लागणारी अक्षरं हाताशी, क्वचित लागणारी कडेला. अण्णा सांगायचे की चांगला जुळारी केसकडे बघत नाही. त्याची नजर कागदावर असते आणि हात आपला आपण घर शोधतो. 'घर' हा त्यांचा शब्द. कप्प्याला ते कप्पा म्हणत नसत. "क चं घर, का चं घर" असं म्हणत. तीस वर्षं त्यांनी हे केलं. मग छापखान्याच्या मालकांनी खिळे वितळवायला देऊन टाकले आणि ऑफसेट आणलं. तेव्हा अण्णा घरी आले ते डब्याच्या पिशवीत ओळ जुळवायची एक रिकामी स्टिक घेऊन. आईने ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

त्यानंतर काही महिन्यांनी घरात कॉम्प्युटर आला. जुनाच होता, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. मेन रोडच्या मागे देवरे नावाचे एक गृहस्थ कॉम्प्युटर विकत आणि दुरुस्तही करत, त्यांनी तो बसवून दिला. अण्णांना मराठी टायपिंग शिकायला अख्खा पावसाळा लागला, पण शिकले. लग्नपत्रिका, गणपती मंडळांच्या पावत्या, हस्तलिखितं असं काम घरी येऊ लागलं. त्यांनी पडद्यावर फाईली ठेवायला सुरुवात केली तीही केसच्याच पद्धतीने. देवऱ्यांनी कितीदा समजावलं की फोल्डर करा, आत ठेवा. अण्णा म्हणायचे, "आत ठेवलं की शोधावं लागतं. मला शोधायचं नाही, मला घ्यायचंय." त्यामुळे सगळ्या फाईली डेस्कटॉपवर, उघड्यावर. इंग्रजी त्यांना जेमतेम येई, म्हणून फाईलींना नावं नव्हतीच, नुसते आकडे. ज्या क्रमाने टाईप केल्या तो आकडा; एक काम छापून गेलं की ते पुसून टाकत आणि पुढचं पुन्हा एकपासून. कुठल्या आकड्यात काय आहे हे त्यांना जागेवरून कळायचं. देवऱ्यांनी कौतुकाने पडद्यावर, फाईलींच्या मागे, एक पान लावून दिलं होतं. त्यावर सप्तशृंगी देवीचं चित्र होतं आणि खाली एक ओळ सतत उजवीकडून डावीकडे सरकत राहायची. अण्णांना ती ओळ आवडत नसे, पण देवीखालची ओळ काढा असं कोण सांगणार.

मी त्या वेळी एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. तिथे शिरीन मॅडम शिकवत. बारीक चणीच्या, सदा घाईत असलेल्या, खडूने माखलेली ओढणी झटकत बोलणाऱ्या. त्या मशीन मुद्दाम बिघडवून ठेवत आणि आम्हाला दुरुस्त करायला लावत. क्लासमध्ये मी बिघडलेल्या मशीनवर तास तास बसत असे आणि घरच्या धडधाकट मशीनला मात्र मला हात लावायची परवानगी नव्हती. "ते धंद्याचं यंत्र आहे, वैशू. खेळायचं नाही," एवढंच अण्णा म्हणत. रागावून नाही. प्रेसमध्ये शिकाऊ पोरांनी किती गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळींचे ट्रे, पाडल्या होत्या आणि जुळवलेली पानंच्या पानं कशी जमिनीवर विखुरली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी अण्णांकडे एक काम आलं, ते त्यांनी इतर कामांसारखं कधीच धरलं नाही. पेठ तालुक्यात, एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत गावित सर शिक्षक होते. ते मूळचे तिथलेच. पहिलीत आलेली मुलं वर्ष-वर्ष तोंड उघडत नाहीत, कारण घरचे शब्द वेगळे आणि पुस्तकातले वेगळे, हे त्यांना सलत होतं. म्हणून त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वह्यांमध्ये शब्द लिहून ठेवले होते. डाव्या बाजूला घरचा शब्द, उजव्या बाजूला शाळेचा. मासे, टोपल्यांचे प्रकार, भाताच्या जाती, नात्यातली माणसं, दुखणीखुपणी. त्याचं लहानसं पुस्तक करून जूनमध्ये शाळा उघडली की मुलांच्या हातात द्यायचं होतं. पहिल्या दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत नागलीचं पीठ होतं, आईसाठी. "पोरं गप्प बसतात म्हणून साहेब लोक त्यांना मठ्ठ लिहून जातात," ते अण्णांना म्हणाले. "मठ्ठ नाय हो. त्यांना प्रश्नच कळत नाय."

अण्णांनी ते काम रोज सकाळी अंघोळ करून करायला घेतलं. ज्या क्रमाने वह्या येत गेल्या त्या क्रमाने एकतीस प्रकरणं टाईप झाली. मग एकदा सर दोन दिवस आमच्याकडे राहिले आणि दोघांनी बसून पुस्तकाचा क्रम लावला. आधी घर, मग अंगण, मग शेत, मग रान, अशी मुलाच्या पायाने बाहेर जाणारी वाट. तो क्रम कागदावर कुणी लिहिला नाही. अण्णांनी पडद्यावरच फाईली उचलून ओळीने लावल्या, की झालं. टाईप करून झालेल्या वह्या सरांनी परत नेल्या होत्या. पुढच्या खेपेला ते हसत हसत सांगत आले की शाळेच्या कपाटात त्यातल्या चार वाळवीने खाल्ल्या. "आता माझं सगळं तुमच्यापाशी, अण्णा. मी निश्चिंत हाय."

मे संपत आला होता. त्या दिवशी आईचा कुरडयांचा शेवटचा घाणा होता आणि मी गच्चीवर सोऱ्या फिरवत होते. खाली अण्णा शेवटचं तपासत बसले होते. लाईट गेली. तशी ती लोडशेडिंगमुळे रोज दहाला जायचीच, पण त्या दिवशी वेळेच्या आधी गेली, आणि पाच मिनिटांत येऊन परत गेली. पुन्हा आली तेव्हा अण्णांनी कॉम्प्युटर चालू केला. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "वैशू, खाली ये जरा." त्या आवाजातलं काहीतरी ऐकून मी हाताला चीक तसाच घेऊन खाली आले.

पडदा पांढरा झाला होता. देवी नव्हती, सरकणारी ओळ नव्हती, आणि फाईलींचे चौकोनही नव्हते. कोऱ्या कागदासारख्या त्या पांढऱ्यावर इंग्रजीत काही वाक्यं होती आणि खाली एक बटण. मी वाचून अर्थ सांगितला: डेस्कटॉप बिघडला आहे, पूर्ववत करायचा असेल तर हे बटण दाबा. अण्णांनी ते दाबलं. एक लहान चौकट आली, त्यात चूक झाल्याचं लिहिलेलं होतं, आणि मशीन जागच्या जागी गोठलं. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. अण्णा चार वेळा तसं करत राहिले. मी मागे उभी होते. त्यांचा उजवा हात माऊसवर होता आणि डावा हात, मला आठवतंय, टेबलाच्या कडेवर हळूहळू फिरत होता, काहीतरी चाचपावं तसा.

दुपारी देवरे आले. चांगला माणूस, घाम पुसत पुसत त्यांनी तासभर खटपट केली. शेवटी म्हणाले, "अण्णा, सिस्टिम गेली. फॉरमॅट मारावी लागेल. उद्या अकराला सीडी घेऊन येतो, नवी टाकून देतो."

"फॉरमॅट म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे पाटी पुसायची, वहिनी. मग नव्याने लिहायचं."

"आणि आधीचं?"

देवऱ्यांनी अण्णांकडे पाहिलं. "आधीचं दिसतच नाहीये ना. असतं तर दिसलं असतं."

अण्णांनी मान हलवली. सरांना तर निरोप देताच येत नव्हता. पाड्यावर फोन नव्हता आणि ते दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने येणार होते, पुस्तक छपाईला देण्यासाठी. संध्याकाळी जेवताना अण्णांनी अर्धी भाकरी ठेवली. आमच्या घरात ताटात काही टाकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आईने ती उचलून झाकून ठेवली. मी पैसे घेतले आणि कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन शिरीन मॅडमच्या घरी फोन लावला.

"ए लडकी, रडत बोलू नको, मला काही समजत नाही," मॅडम म्हणाल्या. "बटण दाबलंस?"

"दाबलं. एरर येते आणि हँग होतं."

"मग ते परत दाबू नको. ते पानच बिघडलंय, ते दुसऱ्याला काय सुधारणार. ऐक. डेस्कटॉप म्हणजे काय ते मी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. विसरलीस?"

"तोही एक फोल्डरच असतो," मी म्हणाले. आणि ते म्हणता म्हणता मला थोडं हायसं वाटलं.

"बरोबर. पडदा वेगळा, फोल्डर वेगळा. पडदा फाटला म्हणून घरातलं सामान जात नाही. सकाळी सेफ मोडमध्ये चालू कर, म्हणजे ते पान न लावताच मशीन उघडेल. फाईली दिसल्या तर सगळ्यात आधी फ्लॉपीवर काढून घे. त्यानंतर त्या पांढऱ्या पानाची फाईल शोध. पण पुसू नको, फक्त तिचं नाव बदल. चुकलीस तर परत नाव देता येतं. पुसलेल्याला नाव देता येत नाही."

"आणि फाईली नाही दिसल्या तर?"

"तर मी येते. पण तोपर्यंत कुणाला फॉरमॅट करू देऊ नकोस."

ती फाईल कुठे असते आणि तिचं नाव काय, हे मी हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं. बूथवाल्याने विचारलं, कुणी आजारी आहे का. मी म्हणाले, हो, पण बरं होईल.

खरी अडचण सकाळी होती. दहाला लाईट जाणार, अकराला देवरे येणार आणि लाईट आली की पुसायला बसणार. साडेसातला मी अण्णांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू शिकते आहेस अजून. देवरे इतकी वर्षं हेच काम करतात."

"पण ते फाईली शोधणार नाहीत, अण्णा. ते सरळ पुसणार."

"शिकाऊ माणसाला मी गॅलीला हात लावू दिला नाही कधी. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही."

आई तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. ती म्हणाली, "ते देवरे येऊन सगळं पुसूनच टाकणार शे ना? मग पुसायच्या आधी पोरीने पाहिलं तर आणखी काय जास्तीचं पुसलं जाणार शे?"

खाली तांबटांचं काम अजून सुरू झालं नव्हतं, त्यामुळे घर फार शांत होतं. अण्णा खुर्चीवरून उठले. खुर्चीवरची चौपदरी घडी केलेली चादर त्यांनी नीट केली आणि बाजूला झाले. मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. ती माझ्या मानाने उंच होती.

आज माझं पोट याच कामावर चालतं. बंद पडलेल्या मशीनमधून, पाण्यात पडलेल्या फोनमधून लोकांचं हरवलेलं काढून देणं. शेकडो यंत्रं हाताखालून गेली असतील. पण सुरुवात त्या खुर्चीत झाली. कॉम्प्युटर सुरू होताना मी एफ एटचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी आली. त्यातला सेफ मोड मी निवडला. मशीन कुरकुरत राहिलं, बराच वेळ. मग चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' असं लिहिलेला एक ओबडधोबड पडदा उघडला आणि त्याच्या डाव्या कडेला, एकाखाली एक, मोठाल्या चौकोनांची रांग उभी राहिली. आकडे. एक, दोन, तीन.

"आहेत," मी म्हणाले.

अण्णांनी पडद्याला अगदी नाक लावून पाहिलं. आई आत गेली आणि थोड्याच वेळात तिच्या थापण्याचा आवाज येऊ लागला.

मी एकेक करून एकतीसच्या एकतीस फाईली फ्लॉप्यांवर उतरवल्या. अण्णा प्रत्येक फ्लॉपीवर पेन्सिलीने आकडे लिहीत होते, छापल्यासारख्या अक्षरात. त्यानंतर तळव्यावरचं नाव बघत बघत मी ती बिघडलेली फाईल शोधली, तिच्या नावापुढे 'जुनी' असं जोडलं आणि मशीन परत चालू केलं. पांढरं पान आलं नाही. साधा हिरवट पडदा आला, मशीनने स्वतःहून नवं पान करून घेतलं होतं. देवी गेली होती, सरकणारी ओळही गेली होती. फाईली सगळ्या होत्या.

मला वाटलं होतं अण्णा हसतील. ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरं कुठेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सेफ मोडमध्ये पडदा लहान होतो आणि मशीन फाईली आपल्या मनाने एका रांगेत गोळा करतं. ते मला क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ते महत्त्वाचं मानलं नव्हतं. एकापासून एकतीसपर्यंत सगळे आकडे सरळ उभे होते, म्हणजे टाईप केल्याचा क्रम. अण्णांनी आणि सरांनी दोन दिवस बसून लावलेली वाट माझ्या हाताने मोडली होती. गॅली पडली होती. एवढ्यात दहा वाजले आणि लाईट गेली.

सर आले ते त्या काळोख्या पडद्यासमोर. अण्णांनी त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं, माझा भागही. सर पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत होते. "शब्द हायेत ना?" त्यांनी एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर ते पाणी प्यायले. अकराला देवरे सीडी घेऊन आले, तेही बसले. आईने सगळ्यांना पोहे दिले, आणि लाईट येईपर्यंत चौघं जण त्या बंद यंत्राभोवती आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखे बसून राहिलो. क्रम कसा होता ते सर आठवायचा प्रयत्न करत होते, पण दहाव्या-बाराव्या प्रकरणापुढे त्यांचा गोंधळ उडत होता.

लाईट आली ती दीडला, खाली तांबट जेवायला उठले त्याच सुमाराला. अण्णा म्हणाले, "वैशू, तू बस. मी सांगतो." ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि उजवा हात हवेत धरला. "वरची ओळ. पहिलं घर, नऊ. दुसरं, दोन. तिसरं, चोवीस." प्रत्येक आकड्याला त्यांचा हात थोडा सरकत होता, कधी वर, कधी आडवा, आणि बोटं मिटत होती, खिळा उचलल्यासारखी. मी तो आकडा उचलून त्या जागी ठेवत होते. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "नऊ म्हणजे घर. बरोबर. दोन, चूल. बरोबर हाय. चोवीस, नातीगोती." देवरे भिंतीला टेकून उभे होते आणि पोह्यांची बशी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

चौथ्या ओळीत तिसऱ्या घरावर अण्णांचा हात थांबला. ते परत ओळीच्या सुरुवातीला गेले, पुन्हा तिथेच थांबले. डोळे उघडून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. "इथं काहीतरी आहे. हाताला लागत नाही."

"तिथे काही नव्हतंच," आई दारातून म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने आयुष्यात त्या यंत्राचं एकही बटण दाबलं नव्हतं. "मी रोज फडक्याने काच पुसते. खालून दुसऱ्या ओळीत एक जागा मोकळीच शे. मला वाटायचं, दात पडलाय."

सरांनी कपाळाला हात लावला. "ती माझी जागा. खेळांच्या शब्दांची. मी म्हणालो होतो ना अण्णा, ती वही मागाहून आणतो, जागा ठेवा." मग त्यांनी पिशवी उघडली आणि पिठाच्या पुडीखालून एक पातळ वही काढली. "आज आणलीय."

अण्णा हसले. ते फार कमी हसत, आणि हसले की त्यांचे खांदे हलायचे, आवाज होत नसे. पुढच्या आठ घरांना त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

खेळांचं प्रकरण मी टाईप केलं. तू कर, असं अण्णांनीच सांगितलं. त्यांचे डोळे थकले होते असं ते म्हणाले, ते खरं असेल किंवा नसेल. सर शेजारी बसून शब्दाशब्दाला हा खेळ कसा खेळतात ते सांगत होते आणि एका खेळासाठी तर ते खोलीत उकिडवे बसून उड्या मारत गेले. चार दिवसांनी पुस्तक छपाईला गेलं. लाल कव्हरचं, हाताच्या पंजाएवढं. सरांनी दोन गठ्ठे एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेतले. पावसाळ्यात ते पुन्हा आले तेव्हा त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. वर्षभर शाळेत एक शब्द न बोललेली ती मुलगी माशांच्या पानावर बोट ठेवून सगळी नावं म्हणाली, आणि शेवटी सरांना सांगितलं की यातलं एक चुकलंय, आमच्या नदीत त्याला असं म्हणत नाहीत. सरांना इतका आनंद झाला होता की ते सांगताना दोनदा थांबले. पुढच्या छपाईत ते नाव अण्णांनी दुरुस्त केलं.

त्यानंतर अण्णांनी क्रम कागदावर लिहायची सवय लावून घेतली, पण तो कागद बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला मात्र दुपारी दोन तास खुर्ची मिळू लागली. दुपारी मी आले की चादरीची घडी सरळ केलेली असे आणि अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत असत.

गणपतीच्या आधी, कामाच्या ऐन गर्दीत, एका दुपारी देवरे जिना चढून आले. धापा टाकत होते. पंचवटीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर तसंच पांढरं पान आलंय, म्हणाले, पेशंटची सगळी यादी त्यात आहे, आणि फॉरमॅटचं नाव काढताच डॉक्टर त्यांच्यावर ओरडले होते. ते दाराशीच उभे राहिले. मी टेबलापाशी एका मंडळाची पावती टाईप करत होते आणि अण्णा खिडकीत. देवऱ्यांनी अण्णांकडे बघत विचारलं, "मुलीला पाठवाल का तासभर? मी स्कूटरवर नेतो आणि आणून सोडतो."

अण्णांनी पेपरातून मान वर केली नाही. पान उलटलं आणि म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा."

मी पावती सेव्ह केली आणि चप्पल शोधायला उठले.